ड्रॅक्युला उन्हात मरत नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला 'ड्रॅक्युला'वरचा लेख वाचून कालच लिहायला बसलो होतो. रागाच्या भरात पत्र लिहू नये, असं घरून सांगण्यात आलं. आज दोन वेळा चहा झाला, राग आहे तिथेच आहे.

लेखकमहाशय म्हणतात, काउंट ड्रॅक्युला सकाळच्या उन्हात जळून खाक होतो. कुठल्या आवृत्तीत? ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत हा गृहस्थ भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत उभा राहून बग्गीतल्या पोरीकडे टक लावून बघतो. दिवसा त्याची शक्ती उतरते, इतकंच. उन्हाने मरण्याची कल्पना १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटातली. कादंबरीत तो मरतो सूर्य मावळता मावळता, त्याच्या किल्ल्यात अडकलेल्या वकील जोनाथनच्या कुकरीने आणि अमेरिकन क्विन्सीच्या सुऱ्याने. हो, कुकरीच, गुरख्यांची असते ती! लाकडी खुंटा ठोकतात तो काउंटने रक्त पिऊन पिशाच्च केलेल्या ल्यूसीच्या छातीत, काउंटच्या नव्हे. सिनेमे बघून पुस्तकावर लिहायचं तर तसं वर छापत जा, आमची हरकत नाही.

पण मी पेन उचललं ते 'त्या काळाच्या मानाने अचूक वैद्यकीय माहिती' या सहा शब्दांमुळे. मी एकतीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो. हे पुस्तक वाचलं तेही रात्रपाळीत, शेजारी फ्रिज घरघरत असताना. ल्यूसीला आधी तिच्या वाग्दत्त वराचं, आर्थरचं रक्त देतात, मग डॉ. सेवर्डचं, मग उपचार करणाऱ्या खुद्द प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगचं, शेवटी क्विन्सीचं. चार माणसं, एक पेशंट, तपासणी शून्य! आर्थर तरुण, धट्टाकट्टा, रक्त इतकं शुद्ध की त्यातलं फायब्रिन (रक्त गोठवणारे तंतू) काढायचीही गरज नाही, असं प्रोफेसरसाहेब ठणकावून सांगतात. स्टोकरला दोष नाही, रक्तगट ऑस्ट्रियन संशोधक लँडस्टायनरने दाखवून दिले ते १९०१ साली. आपल्या लेखकाला मात्र मधली सव्वाशे वर्षं मिळाली होती. पोरीला काउंटने मारलं की डॉक्टरांनी, हा प्रश्न मला त्या रात्री पडला, अजून सुटलेला नाही. पुढे आर्थर म्हणतो, माझं रक्त तिच्या अंगात गेलं म्हणजे ती माझी बायकोच झाली. त्याला बाकीच्या तिघांचं कुणी सांगितलेलंच नसतं. द्रौपदीपेक्षा एकच कमी!

असे व्हॅन हेल्सिंग मी पुष्कळ पाहिले. एकदा रात्री दोनला तीन भाऊ दारात उभे. "साहेब, आम्ही तिघंही तालमीतले, कुणाचंही काढा, पण आत्ता काढा." मी क्रॉसमॅच, म्हणजे देणाऱ्याचं रक्त पेशंटला जुळतं का ही तपासणी, करेपर्यंत माझ्या आईबहिणीचा उद्धार झाला. तिघांपैकी एकाचंही जुळलं नाही. जुळलं ते बाहेर बाकावर तंबाखू मळत बसलेल्या त्यांच्या किडकिडीत मामाचं. पेशंट वाचला. मला कुणी सॉरी म्हटलं नाही, ते सोडा.

राहिलं 'एका दमात वाचून होणारी' हे प्रशस्तिपत्रक. किल्ल्यातली पहिली चार प्रकरणं, बेलाशक! काउंट भिंतीवरून पालीसारखा डोकं खाली करून उतरतो, तिथे मी फ्रिजकडे दोनदा वळून पाहिलं होतं. नंतर काउंट दिसतो क्वचित आणि प्रोफेसरांची भाषणं संपता संपत नाहीत. मधल्या भागात मी डुलक्या घेतल्या आहेत, ड्युटीवर असूनही. तरी पुस्तक मला आवडतं. म्हणूनच एवढं लांबण लावलं.

गेल्या वर्षी रक्तदानावरचं माझं पत्र आपण निम्मं कापून छापलंत, नेमका मुद्दा गाळून. हेही कापाल. कापा, पण जाता जाता एक सांगतो. त्याच रविवारी पान तीनवर रक्तदान शिबिराचा फोटो होता. कॉटभोवती अकरा मान्यवर, मी मोजले. रक्त देणाऱ्याचे फक्त तळपाय दिसत होते.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, सातारा