बाण उगवतात आणि गायब होतात

संपादक साहेब, नमस्कार,

शेअर बाजारात लाखो बुडाल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात. माझे गेले ते १८ हजारच, पण असे किती जणांचे गेले असतील सोलापुरात म्हणून लिहितोय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा धंदा आहे, मधल्या वेळेत मोबाईलवर थोडं ट्रेडिंग करतो. मागच्या वर्षी इथल्याच एका क्लासवाल्यानं बाय-सेल सिग्नलचं सॉफ्टवेअर गळ्यात मारलं. डेमोला जुना चार्ट लावला, भाव जिथं जिथं वर फिरला तिथं बरोबर हिरवा बाण, जिथं पडला तिथं लाल, एक चूक नाही, मी तर हरखूनच गेलो. घरी येऊन चालू मार्केटमध्ये बघतो तर हिरवा बाण यायचा, मी माल म्हणजे शेअर घ्यायचो, भाव खाली यायचा आणि दोन कँडलनंतर (चार्टवर ठरावीक मिनिटांचा भाव दाखवणारी एकेक कांडी) तो बाणच गायब, खाली दुसरा उगवलेला! याला रिपेंट म्हणतात हे फार उशिरा कळलं. चुकलेले बाण सॉफ्टवेअरच पुसून टाकतं, मग जुना चार्ट छानच दिसणार की ओ. त्यामुळं कुणी काही विकायला आलं तर सव्वानऊला त्याच्या समोर बसा, बाण आला की लगेच स्क्रीनशॉट काढा आणि साडेतीनला परत तोच चार्ट बघा.

आता मी काय वापरतो? ब्रोकरच्या ॲपमध्ये लाइव्ह भाव आणि पाच-पाच बिड-ऑफर (घेणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे भाव) फुकट दिसतात, माझ्यासारख्याला तेवढं बास. चार्टला ट्रेडिंगव्ह्यू वेबसाइटचं फुकटवालं खातं, जाहिराती येतात, येऊ देत. कंपनीचा ताळेबंद स्क्रीनर नावाच्या वेबसाइटवर. दोन-चार आठवडे माल धरून ठेवणाऱ्याला तर एनएसई या शेअर बाजाराची भावकॉपी, म्हणजे दिवसभराच्या भावांची फाईल, पुरते, मार्केट बंद झाल्यावर रोज फुकट मिळते. फक्त त्यात बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) झाल्यावर जुने भाव त्या हिशोबानं ॲडजस्ट केलेले नसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सनं एकास एक बोनस दिला, शेअर दुप्पट झाले आणि भाव निम्मा, पण माझ्या एक्सेलमध्ये नुसता भाव एका रात्रीत निम्म्यावर, बायको म्हणाली बुडालो वाटतं!

विकतचा टिक डेटा (क्षणाक्षणाचे भाव) ज्याला कॉम्प्युटरवरून आपोआप ऑर्डरी टाकायच्या आहेत त्यानं घ्यावा, तोसुद्धा एक्स्चेंजच्या अधिकृत व्हेंडरच्या यादीत नाव बघून, टेलिग्रामवर निम्म्या किमतीत मिळणारा फीड कधी बंद पडेल नेम नाही. आणि भांडवल किती तेही बघा. माझे ५० हजार लावलेले आणि सॉफ्टवेअर १८ हजारांचं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के कमवले तरी मी जिथल्या तिथंच. एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत) तीन वर्षांत ९३ टक्के साध्या ट्रेडरांचा तोटाच झाला हे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनंच २०२४ मध्ये सांगितलंय.

सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये हेही सांगितलं की नुसतं शिकवतो म्हणणाऱ्यानं मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. आपल्याकडच्या किती क्लासमध्ये हे पाळतात, तुमच्या वार्ताहरानं एक दिवस विद्यार्थी म्हणून बसून बघावं, एवढीच विनंती.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा क्लासवाला म्हणाला, "सॉफ्टवेअर ओके आहे, तुमची सायकॉलॉजी वीक आहे." आणि सायकॉलॉजीच्या बॅचची फी सांगितली.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर