फाट्यावरची सावली कुठे नेली?

प्रति,
मा. पालकमंत्री महोदय,

विषय : फाट्यावरची तोडलेली झाडं आणि आपण दिलेला शब्द

सा. न. वि. वि.

नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, माझ्या आईला ऊन लागलं. तालुक्याला डोळे दाखवायला निघाली होती. फाट्यावर एसटीची वाट पाहता पाहता भोवळ येऊन पडली. सलाईन लावावी लागली. आता घरी आहे, पण जेवण तुटलंय आणि रात्री दचकून उठते. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे सरकारच्या कृपेने तिला तिकीट लागत नाही. प्रवास फुकट, फक्त गाडी येईपर्यंत जिवंत राहायचं तिचं तिने बघायचं.

ती पडली तिथे महामार्गाच्या चौपदरीकरणाआधी दोन चिंचा आणि एक कडुनिंब होता. भूमिपूजनाच्या दिवशी मंडपात उकडत होतं म्हणून आपली खुर्चीही चिंचेखालीच टाकली होती. "एका झाडामागे दहा झाडं लावू," असं आपण माईकवर म्हणालात. टाळ्या आम्हीच वाजवल्या. गर्दीतला एक म्हातारा तेवढा पुटपुटला, "सावली नाही राहिली तं माणूस उभा कुठं राहीन जी?" त्याला माईक कोण देणार!

दहाच्या हिशेबाची झाडं लागली म्हणे. कुठे, तर डिव्हायडरमध्ये. कण्हेर! गुरं ती खात नाहीत, समोरच्या गाडीच्या दिव्यांची तिरीपही अडते, म्हणून ती तिथे लावतात, एवढं मला कळतं. पण चिंचेच्या बदल्यात कण्हेर मोजायची? दोन्ही बाजूंनी ट्रक धावत असताना म्हाताऱ्या माणसांनी मधोमध जाऊन कमरेएवढ्या झुडपाखाली बसायचं का?

प्रवासी निवारा बांधलाय, नाही असं नाही. तोंड पश्चिमेला, छत पत्र्याचं, बाकडं स्टीलचं. दुपारी दोननंतर ऊन थेट आत शिरतं आणि बाकडं तव्यासारखं तापतं. त्यातून एसटी तिथे थांबतच नाही. ती उड्डाणपुलावरून निघून जाते, नाहीतर पुलाच्या उतारावर, हाकेच्याही पलीकडे थांबते. पोरीबाळी दप्तरं घेऊन पळतात. आईसारख्यांना पळता येत नाही, म्हणून त्या उन्हात उताराजवळच उभ्या राहतात. नकाशा काढणाऱ्याला मे महिन्यात तासभर इथे उभं करायला हवं होतं.

साइटवरचे साहेब म्हणतात, रस्त्यालगत मोठं झाड म्हणजे अपघाताला आमंत्रण. भरधाव गाडीपुरतं खरं आहे. पण सर्व्हिस रोडच्या पलीकडे, संपादित जमिनीच्या हद्दीवर लावायला कोणी हात धरला होता? जमीन आमचीच घेतलीय ना? केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्प खर्चाचा एक टक्का झाडांसाठी राखायचा म्हटलंय. आमच्या रस्त्याचा खर्च किती? फलकाचा रंग उडालाय. लोक तीनशे कोटी म्हणतात, सरपंच पाचशे म्हणतो. तीनशेच धरा. तीन कोटींत कण्हेर किती येते हो?

भराव टाकून रस्ता उंच केला, मोऱ्या ठेवल्या बारक्या, म्हणून माझ्या कपाशीत पाणी तुंबलं, ते वेगळंच. पंचनामा अजून व्हायचाय.

२०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प होता. बारा कोटी माणसं धरली तर माणशी पावणेतीन झाडं. आमच्या घरात सहा माणसं, म्हणजे सोळा झाडं आमची येणं आहेत. दोन दाखवली तरी चालतील. शहरांसाठी झाडं जपायचा १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, २०२१ पासून पन्नाशी ओलांडलेल्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' असा मान आहे. आमच्या चिंचेचं वय कोणी विचारलं? २०२३ मध्ये सी-२० च्या, म्हणजे जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या बैठकीच्या, पाहुण्यांसाठी नागपूर कसं सजलं होतं! आणि ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून अमरावती-अकोला मार्गाने गिनीजमध्ये नाव नोंदवलं, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. त्यातली वरची ३३ मिनिटं आम्हाला उसनी द्या, निवाऱ्याचं तोंड कुठे असावं एवढं ठरवायला पुरतील. मुंबईत बसून विदर्भाचा 'विकास' करणाऱ्यांना ऊन हा विषयच वाटत नाही; रस्ता त्यांना गाडीच्या काचेतून दिसतो, एसी लावून.

आता जून लागलाय, खड्डे खणायचे दिवस. हद्दीवर कडुनिंब, चिंच, करंज लावा आणि निदान तीन उन्हाळे टँकर पाठवा, नुसत्या फोटोवर रोप जगत नाही. निवाऱ्याची पश्चिम बाजू बंद करा, पूर्वेची उघडा. एसटी खालच्या रस्त्याने आणा. रोपं नसतील तर आम्ही देतो.

आणि उत्तरात "सदर विषय केंद्राच्या अखत्यारीतील आहे" असं कळवू नका. भूमिपूजनाच्या कोनशिलेवर नाव आपलं आहे.

आपला,
फाट्यावरचा एक कापूस उत्पादक