एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

डिस्चार्ज मिळाला तेव्हा तुमची पाळी संपली होती, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालत नाही. वाचलंत तर ओळखालच.

आमची लेक जन्मल्यावर रडली नाही. तिला लगेच व्हेंटिलेटरवर घेतलं. पुढे डॉक्टर 'मल्टिऑर्गन फेल्युअर', म्हणजे एकाच वेळी अनेक अवयव निकामी, असं म्हणाले आणि आमच्या घरच्यांनी हाय खाल्ली. तुम्ही मला वॉर्मरजवळ, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्याजवळ, नेऊन समजावलंत: प्राणवायू कमी पडला की बाळाचं शरीर असेल नसेल ते रक्त मेंदूकडे, हृदयाकडे वळवतं. किडनी, आतडी, लिव्हर उपाशी राहतात, म्हणून तीही आजारी पडतात. पण बाळ तगलं तर किडनी बहुतेक वेळा सावरते. खोटा धीर दिला नाहीत, त्याचे आभार सगळ्यात आधी.

मग तो छोटा वजनकाटा. डायपर कोरडा असताना वजन, ओला झाल्यावर पुन्हा. 1 ग्रॅम वाढला की 1 मिलिलिटर लघवी धरायची. किलोमागे तासाला निदान 1 मिलिलिटर हवी, म्हणजे आमच्या अडीच किलोच्या पोरीला दिवसाला 60. सुरुवातीला डायपर जवळजवळ कोरडेच निघायचे. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, पहिला रिपोर्ट बरा आला म्हणून मी हरखलो, तर तुम्ही सांगितलंत की पहिले एकदोन दिवस त्यात आईचाच आकडा दिसतो, पुढचे रिपोर्ट बघू. तो वाढला, तेव्हा मी निदान तयारीत होतो. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरल्या तेव्हा ज्यांचं रक्त कामी आलं, त्या अनोळखी दात्याचेही इथेच आभार.

आतड्यांना आराम म्हणून दूध बंद होतं. तरी तुम्ही बायकोला दर दोन-तीन तासांनी दूध काढायला लावलंत. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तिचंच बोट धरून चिकाचा थेंब लेकीच्या ओठांना लावलात. पोर जीभ हलवायला लागली आणि आई तिथेच रडली. माझ्या लेखी तोही उपचारच होता.

शेजारचं बाळ गेलं त्या रात्री त्याच्या आईला जवळ घेऊन बसला होतात, आणि लगेच उठून आमच्या लेकीचं सक्शन केलंत, नळीने श्वासमार्गातला चिकट स्राव ओढून काढलात. एका सिस्टरवर इतक्या बाळांचा भार टाकू नये, हे सरकारला कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

लेकीची कानांची तपासणी झाली आहे. वाढीच्या तपासण्या चालू आहेत. तुम्ही बजावल्याप्रमाणे एकही चुकवत नाही. पुढच्या खेपेला दिवसपाळी असेल तर ओपीडीत नक्की या. तिला तुमच्या मांडीवर द्यायचं आहे.

तुमचा ऋणी,
एका लेकीचा बाबा