पिस्तूल शूटिंगच्या मॅचच्या आधी एकदा वाचा, विशेषतः पहिल्यांदा उतरणाऱ्यांनी

मंडळी, रेंज 'कोल्ड' असते म्हणजे पिस्तूल कायम रिकामं, होल्स्टरमध्ये नाहीतर बॅगेत, आणि आरओने (रेंज ऑफिसरने) सांगितल्याशिवाय त्याला हात नाही. हात लावायचाच असेल तर सेफ्टी एरिया आहे, पण तिथे गोळ्या हाताळायच्या नाहीत, डमी राउंड म्हणजे नकली गोळीसुद्धा नाही!! खिशातली भरलेली मॅगझिन तिथे सहज काढून बघितली की थेट डीक्यू (मॅचमधून बाद), एकही गोळी न झाडता घरी.

स्टेजवर (मॅचमधल्या प्रत्येक फेरीच्या जागेवर) सगळ्यात जास्त घोळ होतो तो पळताना मॅगझिन बदलताना, विशेषतः डावीकडे जाताना उजव्या हातवाल्यांची नळी नकळत मागे वळते, टार्गेटच्या बाजूच्या सरळ दिशेपासून ९० अंशांच्या पलीकडे गेली की संपलं, आणि बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर सरळ दिसलं पाहिजे, आरओ तेच बघत असतो, टार्गेट नाही. पिस्तूल पडलं तर वाकून उचलू नका, कुठेही पडलं तरी, आरओच उचलेल.

शेवटी मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर दाखवा, मग सुरक्षित दिशेला ट्रिगर दाबून होल्स्टर. 'रेंज इज क्लिअर' ऐकू येईपर्यंत कोणीही टार्गेटकडे धावू नये, स्कोअर कुठे पळून जात नाही.

चष्मा आणि कानाचं प्रोटेक्शन बघायला येणाऱ्यांनाही कंपल्सरी. मिस (नेम चुकणं), नो-शूट (मारायचं नसलेल्या टार्गेटला गोळी लागणं) आणि प्रोसिजरल (स्टेजचे नियम मोडणं) प्रत्येकी १० पॉइंट कापतात, त्यामुळे उगाच घाई करू नका. आरओशी वाद स्टेजवर घालू नका, अपील करायची सोय आहे.