बुटांच्या खोक्यातली तलंग : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री यांस,
स. न. वि. वि.

गेली अकरा वर्षे मी सुट्टीच्या दिवशी मुलांना कोंबड्या पाळायला शिकवते. याचा पगार मिळत नाही, मानधनही नाही, आणि हे काम मला कुणी सांगितलेलेही नाही. आमच्या गटात सध्या नऊ ते सतरा वयाची चौदा मुले आहेत. प्रत्येकाकडे चार-पाच पक्षी. वर्षातून एकदा त्यातला सगळ्यात देखणा पक्षी घेऊन ती प्रदर्शनात उतरतात. यंदा बर्ड फ्लूमुळे आपल्या खात्याने प्रदर्शनांवर बंदी घातली. हे पत्र त्या बंदीविरुद्ध नाही. एवढे आधीच सांगून टाकते, नाहीतर पहिला परिच्छेद वाचूनच कुणीतरी ते तक्रारींच्या फायलीला लावेल.

बंदी योग्यच होती. हा विषाणू रानातल्या पाणपक्ष्यांबरोबर येतो आणि पुढे विष्ठेतून, पिंजऱ्यांतून, बुटांच्या तळव्यांना चिकटून फिरतो. शेकडो पक्षी दिवसभर एका छपराखाली ठेवायचे आणि संध्याकाळी चहू दिशांना घरी धाडायचे, यापेक्षा सोपी वाट त्याला कुणी करून देऊ शकणार नाही. माझे म्हणणे बंदीच्या नंतरच्या दिवसांबद्दल आहे.

आदेश निघून आठवडाही झाला नव्हता. आमच्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या आईचा फोन आला. “ताई, हा दोन दिवस धड जेवत नाही, बोलत नाही. तुम्ही बघा जरा.” मी गेले. त्याने मला जिन्याखाली नेले. तिथे बुटांचे खोके होते, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेले. आत त्याची तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी. मरून दोन दिवस झाले होते. पहिल्याच अंड्याची वाट बघत होता बिचारा. शाळेत कुणीतरी त्याला सांगितले होते की एक कोंबडी मेलेली कळली की सरकारची माणसे येऊन सगळ्या मारून टाकतात. त्याला उरलेल्या तीन वाचवायच्या होत्या.

मी हातमोजे घातले, खोके न उघडता दुहेरी पिशवीत बांधले आणि आदेशाच्या खाली छापलेला क्रमांक फिरवला. फोन उचलला गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. पलीकडच्या माणसाने विचारले, “फार्म किती पक्ष्यांचा?” म्हटले, “चार.” “चार हजार?” “नाही हो, चार. त्यातली एक मेली.” यावर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्यांनी मला जवळच्या दवाखान्यात जायला सांगितले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सगळे सोडून ती तलंग तपासली, नमुनाही पाठवला. फ्लू नव्हता. अंडे अडकून मेली होती. नव्याने अंड्यावर येणाऱ्या तलंगेला असे होऊ शकते.

पण फ्लू असता तर? खोके जिन्याखाली आणि त्याला हात लावून आलेले मूल दिवसातून तीनदा उरलेल्या तिघींना दाणे टाकते आहे, हा प्रकार आणखी आठवडाभर चालला असता. रोगाची खबर देणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसेल, तर तो खबर देणार नाही. मोठी माणसेसुद्धा देत नाहीत, हे तर बाराच वर्षांचे पोर.

आम्ही मुलांना नेमके काय शिकवतो, हे खात्यात बहुधा कुणाला माहीत नाही. ‘कोंबड्यांची सौंदर्यस्पर्धा’ असे म्हणून एक साहेब माझ्यासमोर हसले होते. त्यांना मी परीक्षकाच्या टेबलापाशी उभे करायला हवे होते. मूल पिंजऱ्यातून पक्षी डोके पुढे करून बाहेर काढते, म्हणजे पंख दारात अडकत नाहीत. छाती तळहातावर, पाय बोटांच्या मध्ये. मग एक पंख पंख्यासारखा उघडून दाखवायचा, टोकाकडची दहा मोठी पिसे मोजायची, त्यांच्या आणि आतल्या पिसांच्या मधले आखूड पीस ओळखून सांगायचे. छातीच्या हाडावरून बोट फिरवून ते सरळ आहे की वाकडे ते बघायचे. शेपटीखाली हलकी फुंकर मारून पिसे दुभंगायची आणि उवा-पिसवा शोधायच्या. परीक्षक मध्येच विचारतात, हिचे वजन गेल्या महिन्यात किती होते? आमची एक मुलगी पहिल्या वर्षी इतकी थरथरत होती की कोंबडीच तिच्यापेक्षा शांत वाटत होती. तिने पिसे मोजली ती नऊ. परीक्षक म्हणाले, पुन्हा मोज. पुन्हा नऊ. मग त्यांनी स्वतः मोजली, तीही नऊच. एक गळून नव्याने उगवत होते.

अशी तयारी करायची तर पक्षी रोज हातात घ्यावा लागतो. आणि रोज हातात घेणाऱ्याला तो आजारी पडलेला सगळ्यांच्या आधी कळतो. दाण्यावर झडप न घालणे, तुरा निळसर पडणे, मान वाकडी होणे, पिसे फुगवून कोपऱ्यात बसणे ही सगळी लक्षणे खात्याच्या पत्रकांत असतात. आमच्या मुलांच्या वहीत त्यांच्यापुढे तारखाही असतात.

गंमत म्हणजे हा छंदच एका बंदीच्या सावलीत वाढला. १८३५ साली इंग्लंडमध्ये कायद्याने कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या आणि ती हौस हळूहळू पिंजऱ्यातल्या स्पर्धांकडे वळली. अमेरिकेतले पहिले मोठे प्रदर्शन १८४९ साली बोस्टनला भरले. त्याच देशात २०१५ साली बर्ड फ्लूने कहर केला, सुमारे पाच कोटी पक्षी गेले. आयोवा, मिनेसोटा, ओहायो अशा राज्यांनी जिवंत पक्ष्यांची प्रदर्शने बंद केली. पण तिथल्या मुलांच्या मंडळांनी काम थांबवले नाही. पक्ष्याऐवजी फलक, फोटो आणि नोंदवही घेऊन मुले परीक्षकांपुढे उभी राहिली. आपल्या आदेशात ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ एवढेच शब्द आहेत. ती पुढील सूचना कोण देणार, आणि कशाच्या आधारावर, याचा पत्ता नाही.

लसीचेही सांगते, कारण तिथे तर आमची सर्कस असते. मानमोडी म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लस साधारणपणे मोठ्या कळपाच्या हिशोबाने भरलेल्या बाटलीत येते. पातळ केली की दोनेक तासांत वापरून संपवायची, उरली तर फेकायची. मुलाकडे पिल्ले पाच. सगळ्यांनी पिल्ले एका जागी आणावीत तर रोग पसरवायचा आम्हीच मुहूर्त काढल्यासारखे होते. म्हणून मी बर्फाच्या थर्मासात बाटली ठेवून घरोघर पळते. प्रत्येक दारात बूट धुवायचे, हात धुवायचे, मग एकेका पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, आणि ते डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचे. घाईत सोडले तर थेंब गालावरून ओघळतो आणि लस वाया. मागच्या खेपेला दोन तासांत सात घरे झाली. आठव्या घरचे पोर पिल्ले टोपलीत घेऊन फाटकाशी उभे होते आणि मला त्याला ‘पुढच्या वेळी’ म्हणावे लागले. छोट्या मात्रेच्या बाटल्या खात्याच्या दवाखान्यांत ठेवायला किती खर्च येईल, याचा हिशोब एकदा तरी मांडायला सांगा.

आमच्यासारख्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवा, असे मी म्हणत नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पडताळणी व्हावी, माझ्यापासून सुरुवात करा. आमच्यातही अर्धवट माहितीवर औषधे देणारे आहेत. कुणाचे तरी ऐकून पिल्लांच्या पाण्यात अँटिबायोटिक ढवळणारे मी स्वतः पाहिले आहेत. कोंबडीचा मुका घेऊ नये, खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवावेत, नाहीतर साल्मोनेला हा जंतू पोटात जातो, हेही काहींना मुलांच्या आधी शिकवावे लागते. म्हणूनच म्हणते, खात्याच्या पशुवैद्यांनी आम्हाला वर्षातून दोन दिवस बसवून शिकवावे. मेलेला पक्षी कसा हाताळायचा, नमुना कुठे द्यायचा, नवा पक्षी वेगळा किती दिवस ठेवायचा, एवढे तरी एकसारखे व्हावे. आज प्रत्येक गट आपापल्या मनाचे सांगतो. मी किमान दोन आठवडे म्हणते, शेजारचा गट चार म्हणतो.

आणि आदेश काढताना त्यात एक परिच्छेद मुलांना कळेल अशा भाषेत असावा. पक्षी मेला तर कुणाला कळवायचे, मग काय होईल, बाकीचे पक्षी कधी मारावे लागतात आणि कधी नाही. खरे तेच सांगा, गोड करून नको. मारावे लागले तर ते कोण करणार, मुलाला तेव्हा घरात ठेवायचे की बाहेर न्यायचे, हेही कुणीतरी आधी ठरवून ठेवलेले बरे. त्या वेळी दारात अनोळखी माणसांबरोबर मुलाच्या ओळखीचे एक तरी माणूस असावे. मी जाईन. माझ्यासारखे आणखीही जातील, पण आम्हाला बोलावणार कोण?

तो मुलगा आता पुन्हा गटात येतो. तिन्ही कोंबड्या ठणठणीत आहेत, एक तर खुडूक होऊन बसली आहे. मागच्या रविवारी त्याने वही पुढे केली. शेवटच्या पानावर त्याने ‘पक्षी आजारी पडला तर’ असे लिहून खाली दोन ओळी आखल्या होत्या. पहिल्या ओळीवर मी माझा नंबर लिहून दिला. दुसरी त्याने सरकारसाठी ठेवली आहे, आणि ती अजून कोरी आहे.

आपली,
एक स्वयंसेवक