कोरियन ‘बाप’ आणि अर्धवट शब्दार्थ

संपादक महोदय,
कोरियन शिकवणाऱ्या तक्त्यांत ‘बाप म्हणजे भात’ एवढंच छापलेलं असतं. उभा जन्म मराठी व्याकरण शिकवण्यात गेल्यामुळे असं अर्धवट काम मला खपत नाही. (उच्चार ब आणि प यांच्या मधला आहे, मराठी कानाला गंमत वाटणारच.)

शेतातलं भात ते ‘ब्यॉ’, कांडून टरफल काढलेला तांदूळ ‘स्साल’ आणि शिजल्यावर ‘बाप’. साळ, तांदूळ, भात असे तीन शब्द आपल्याकडेही आहेत, म्हणून मराठी माणसाला हे एका दमात समजावं. पण खरी मेख पुढे आहे. ‘बाप’ म्हणजे जेवणसुद्धा. ‘बाप मॉगॉस्सॉयो?’ या प्रश्नात भाताची चौकशी नसते. जेवलात का, एवढंच विचारलेलं असतं, आणि बऱ्याचदा तेही नुसतं ख्यालीखुशालीपुरतं. एखादा कोरियन मित्र ‘एकदा बाप खाऊ या’ म्हणाला, तर लगेच तारीख विचारू नये. ‘बापबॉरी’ म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. ‘खोंगबाप’, म्हणजे कडधान्य घातलेला भात, खाणं याचा लाक्षणिक अर्थ तुरुंगाची हवा खाणं!

आजीआजोबांना मात्र ‘बाप’ चालत नाही. तिथे ‘जिंजी’ हा वेगळा आदरार्थी शब्द येतो आणि क्रियापदही बदलतं. नवशिक्याची फजिती नेमकी इथे होते आणि तक्ते नेमकं हेच गाळतात. शब्दाशेजारी निदान दोन वाक्यं छापायला काय हरकत आहे?

– एक निवृत्त मराठी शिक्षक