रग्बीतले वैर आणि क्रीडा पानाचा वाटा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रग्बी युनियन आणि रग्बी लीग या दोन खेळांच्या चाहत्यांमधील वैराविषयी आपल्या क्रीडा पानावर नुकताच एक लेख आला, त्यासंबंधी हे पत्र लिहीत आहे. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांचा हा जुना हट्ट असून समाजमाध्यमांनी त्याला अधिक धार आणली आहे, असा त्या लेखाचा सूर होता. प्रेक्षकांच्या डोक्यावर सगळे खापर फोडणे मला अन्यायाचे वाटते. हे भांडण मजुरीवरून सुरू झाले, आणि पुढे ते इतकी वर्षे टिकले त्यात वृत्तपत्रांचा आणि दूरचित्रवाणीचा वाटा चाहत्यांपेक्षा कमी नाही. लेखात या दोन्ही गोष्टींचा उल्लेखही नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांत रग्बी खेळणारे कितीतरी तरुण कोळशाच्या खाणींत, कापडगिरण्यांत आणि गोदीत कामाला होते. शनिवारी दुपारपर्यंत काम चाले. सामना लांबच्या गावी असला की खाडा पडे आणि तेवढी मजुरी बुडे. सामन्यांना हजारोंनी माणसे तिकीट काढून येत, त्यामुळे क्लबांकडे पैसा होता. परंतु खेळाडूला बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्यास रग्बी फुटबॉल युनियन या खेळाच्या मूळ संघटनेचा सक्त विरोध होता, कारण खेळ हौसेनेच खेळला पाहिजे, असे तिच्या धुरीणांचे मत होते. ज्यांना शनिवारच्या मजुरीची चिंता नव्हती, त्यांना हे मत परवडत होते. सप्टेंबर १८९३ मध्ये लंडनच्या सभेत यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी भरपाईचा ठराव मांडला, तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लब एकत्र जमले आणि त्यांनी नॉर्दर्न युनियन नावाची वेगळी संघटना काढली; तिचाच खेळ पुढे रग्बी लीग म्हणून ओळखला गेला, तर मूळ संघटनेचा खेळ रग्बी युनियन म्हणून. तिने खेळाडूला दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. यात चैनीला वाव नव्हता. १८९८ मध्ये खेळासाठी उघडपणे पैसे देण्याची मुभा मिळाली तेव्हाही खेळाडूचा काहीतरी नियमित कामधंदा असला पाहिजे, अशी अट होतीच.

लीगचे वेगळे नियम कोणाच्या तरी लहरीने झाले, असा समज आपल्याकडे आहे. त्याचेही मूळ मजुरीतच आहे. खेळाडूला पैसे द्यायचे तर तिकिटाचे उत्पन्न वाढले पाहिजे, आणि उत्पन्न वाढवायचे तर प्रेक्षकाला चेंडू दिसला पाहिजे. माणसांच्या ढिगाऱ्यात चेंडू दहा मिनिटे अडकून पडला तर गिरणी कामगार पुन्हा तिकीट कशाला काढील? म्हणून १८९७ मध्ये रेषेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधे फेकण्याची पद्धत रद्द झाली. १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू ठेवण्यात आले आणि पकडल्या गेलेल्या खेळाडूने उठून टाचेने चेंडू मागे ढकलून खेळ सुरू करावा, असे ठरले. सलग सहा वेळा पकडले गेल्यावर चेंडू प्रतिस्पर्ध्याला देण्याचा आजचा नियम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. युनियनचा चाहता म्हणतो की या खेळात डावपेचांची खोली उरली नाही, तर लीगचा चाहता म्हणतो की युनियनमध्ये निम्मा वेळ शिट्टी आणि ढकलाढकली यांतच जातो. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण या मतभेदाने एवढे वैर पेटण्याचे कारण नव्हते.

वैर पेटले ते बंदीमुळे. नॉर्दर्न युनियनमध्ये खेळलेल्या माणसाला दुसऱ्या बाजूचे दार कायमचे बंद झाले आणि ही स्थिती जवळपास शंभर वर्षे राहिली. वेल्समध्ये युनियन हा खाण कामगारांचा, शिक्षकांचा, साऱ्या गावाचा खेळ होता. त्यामुळे एक खेळ साहेबांचा आणि दुसरा मजुरांचा, ही सोपी विभागणी तेथे लागू पडत नाही. तरीही तिथला उत्तम खेळाडू घरच्या अडचणीमुळे उत्तरेत पैसे घेऊन खेळायला गेला की स्वतःच्या देशाच्या संघाला कायमचा मुके. फ्रान्समध्ये याहून वाईट घडले. तेथे १९३४ पासून लीग जोमाने वाढत होते. १९४१ मध्ये जर्मनीच्या कलाने चालणाऱ्या व्हिशी सरकारने त्यावर बंदी घालून संघटनेची मालमत्ताही जप्त केली. आणि तरीही, महायुद्धाच्या काळात सैन्यात दोन्हीकडचे खेळाडू एकत्र आले तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर युनियनच्याच नियमांनी सामना झाला आणि लीगवाल्यांनी तो १८–११ असा जिंकला. युद्ध संपले आणि बंदी पुन्हा लागू झाली. सामाईक बागेच्या वाटणीवरून तिसऱ्या पिढीतही कोर्टात तारखा घेणारी भावकी आपल्याकडे गावोगाव आहे. भांडणाचे मूळ कोणाला आठवत नाही, पण बोलणे बंद असते. या भांडणाचेही पुढे तसेच झाले.

आता प्रसारमाध्यमांकडे वळतो. लंडनच्या प्रतिष्ठित दैनिकांत युनियनला भरपूर जागा आणि लीगला उरलासुरला कोपरा, ही उत्तरेकडील चाहत्यांची जुनी तक्रार आहे, आणि ती निराधार आहे असे मला वाटत नाही. बीबीसीवर अनेक दशके लीगचे समालोचन एडी वेअरिंग करीत. दक्षिणेतील घराघरांत ते लोकप्रिय होते, पण आपल्या खेळाचे त्यांनी हसे केले, असे खुद्द उत्तरेतील अनेकांना वाटे आणि त्यांच्याविरुद्ध सह्यांची मोहीमही झाली. १९८१ मध्ये ते निवृत्त झाले. ज्याचा खेळ दूरचित्रवाणीवर केवळ गंमत म्हणून दाखवला जातो, तो चाहता प्रत्येक बातमीकडे संशयाने पाहू लागला तर त्यात नवल नाही. त्याला हट्टी म्हणणे सोपे आहे.

१९९५ मध्ये तर माध्यमे उघडपणे मैदानात उतरली. वृत्तपत्रे आणि वाहिन्यांचे मालक रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने इंग्लंडमधील लीगच्या क्लबांना ८ कोटी ७० लाख पौंडांचा पाच वर्षांचा करार देऊ केला. त्यातून सुपर लीग उभी राहिली आणि शंभर वर्षे हिवाळ्यात खेळला जाणारा खेळ १९९६ पासून उन्हाळ्यात गेला. शेजारच्या गावांचे क्लब एकमेकांत विलीन करावेत, अशीही योजना होती, ती चाहत्यांनी रस्त्यावर उतरून हाणून पाडली. ऑस्ट्रेलियात त्याच कंपनीने जुन्या संघटनेचे खेळाडू फोडून वेगळी स्पर्धा काढली. जुन्या संघटनेच्या पाठीशी केरी पॅकर यांची वाहिनी होती. १९९७ मध्ये तेथे लीगच्या दोन समांतर स्पर्धा झाल्या, प्रेक्षक दुभंगले आणि शेवटी तडजोड होऊन १९९८ पासून नॅशनल रग्बी लीग सुरू झाली. तिची निम्मी मालकी २०१२ पर्यंत मर्डॉक यांच्या कंपनीकडे होती. सिडनीत सकाळी जे दैनिक उघडायचे, त्याचाच मालक त्या खेळाचा निम्मा मालक; मग त्या पानावरची स्तुती कोणती आणि जाहिरात कोणती, हे वाचकाने ओळखायचे कसे?

१९९५ मधलीच दुसरी घडामोड मला अधिक बोलकी वाटते. जून १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या युनियन मंडळांनी मर्डॉक यांच्याच कंपनीशी दहा वर्षांचा ५५ कोटी ५० लाख डॉलरचा करार जाहीर केला आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, आंतरराष्ट्रीय मंडळाने युनियनमधील हौशी खेळाची अट रद्द केली. मजुराच्या सहा शिलिंगांसाठी जे तत्त्व शंभर वर्षे अभेद्य राहिले, ते दूरचित्रवाणीच्या करारापुढे जेमतेम दोन महिने टिकले. बंदी उठल्यावर १९९६ मध्ये विगन आणि बाथ या त्या वेळच्या बलाढ्य क्लबांमध्ये दोन सामने झाले. लीगच्या नियमांनी विगनने ८२–६ अशी धूळ चारली आणि युनियनच्या नियमांनी बाथने ४४–१९ असा विजय मिळवला. एवढ्यावर वाद मिटायला हरकत नव्हती. पुढे विगनचा जेसन रॉबिन्सन युनियनमध्ये आला आणि २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा एकमेव ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) त्याने केला. विगनचाच अँडी फॅरेल २०२५ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या युनियन संघाचा प्रशिक्षक होता. खेळाडू अशी ये-जा करतात, पण प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांतून मात्र फितुरीची भाषा निघते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लीगमधून आलेल्या जोसेफ सुआली याने लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या युनियन संघाकडून पहिलाच सामना खेळत इंग्लंडला हरवण्यात मोठा वाटा उचलला. तेव्हाही तो कसा खेळला यापेक्षा त्याला किती पैसे मिळाले, याचीच चर्चा अधिक झाली. आणि ज्यांनी एके काळी बंदी सोसली, त्या लीगवाल्यांनीही २०२५ मध्ये प्रस्तावित बंडखोर युनियन स्पर्धेत जाणाऱ्या खेळाडूंना दहा वर्षांच्या बंदीची तंबी दिली. तेव्हा या गोष्टीत एक बाजू कायमची साधू आणि दुसरी कायमची खलनायक, असे मी म्हणणार नाही.

आपल्या देशाला या भांडणाची झळ लागली नाही, कारण रग्बी येथे व्यापारी आणि लष्करी अधिकाऱ्यांबरोबर आले. खाण कामगारांचे रग्बी येण्यास वाटच नव्हती. कलकत्त्याचा रग्बी खेळणारा फुटबॉल क्लब बंद पडला तेव्हा बँकेतील शिलकीचे २७० चांदीचे रुपये वितळवून त्याचा चषक घडवण्यात आला आणि तो लंडनच्या संघटनेला भेट देण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळतात. खेळाडूच्या बुडीत मजुरीच्या भरपाईला विरोध करणाऱ्या संघटनेला आपल्या चांदीचे वावडे नव्हते, हे जाता जाता नोंदवतो. मुंबईत २०२५ च्या जूनमध्ये झालेली फ्रँचायझी स्पर्धाही युनियनच्याच सात जणांच्या प्रकाराची होती, जो २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. लीगला भारतात अद्याप वाचक नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच परदेशी वृत्तसंस्थेने पाठवलेला एका बाजूचा मजकूर तसाच्या तसा छापला गेला, तर तो पडताळून पाहणारे येथे कोणी नसते.

माझा खरा रोख मात्र घराजवळच्या मैदानावर आहे. भातकापणी आटोपली की रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत कबड्डीचे सामने सुरू होतात, शेतात खेळपट्टी तयार करून टेनिस चेंडूचे क्रिकेट रंगते. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेला मुलगा पनवेलला किंवा अलिबागला खेळायला जातो, तेव्हा त्याचाही खाडा पडतो. एखाद्या कंपनीच्या व्यावसायिक संघात घेतला गेला तर नोकरी आणि खेळ दोन्ही सांभाळले जातात. तशी निवड न झालेल्यांचे नुकसान घरची माणसे सोसतात. गुडघा दुखावला तर उपचाराचा खर्च कोण करतो, हे सहसा कोणी विचारत नाही. जिल्हा पुरवणीत या सामन्यांच्या बातम्या येतात, हे खरे. परंतु त्यांत उद्घाटकाचे नाव, व्यासपीठावरील मान्यवरांची यादी आणि चषक देणाऱ्याचे छायाचित्र असते. कोणत्या संघाने किती गुणांनी कोणाला हरवले, हे पुष्कळदा शेवटच्या ओळीत असते, आणि ती ओळ जागेअभावी कापलीही जाते.

प्रसारक आणि मालक एकच असण्याचा प्रकारही आपल्याकडे नवा नाही. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या आयोजक कंपनीतील ७४ टक्के हिस्सा ती दाखवणाऱ्या स्टार समूहाने घेतला. या स्पर्धेने खेडोपाड्यांतील मुलांना पैसा आणि ओळख मिळवून दिली, याबद्दल मला आनंदच आहे. पण चटईवरची कबड्डी पडद्यावर दिसू लागल्यापासून मातीवरची कबड्डी बातमीतून हळूहळू हद्दपार होत चालली आहे, असे माझे निरीक्षण आहे; आणि कोणती कबड्डी खरी, यावर आमच्या नाक्यावरही आता तावातावाने वाद होतात. क्रिकेटमध्ये २००७ च्या बंडखोर इंडियन क्रिकेट लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंवर बंदी आली, तेव्हा कोणत्या वाहिनीने कोणाची बाजू किती दाखवली, हे वाचक विसरलेले नाहीत.

म्हणून दोन विनंत्या. रग्बीविषयी पुन्हा लिहिताना, बातमी ज्या समूहाकडून आली त्याचा त्या स्पर्धेत आर्थिक हिस्सा असल्यास तसे एका ओळीत नमूद करावे. आणि येत्या हंगामात आपल्या वार्ताहराला कोकणातील एखाद्या कबड्डी स्पर्धेला पाठवावे. त्याने मान्यवरांची यादी बाजूला ठेवून उपान्त्य फेरीपासूनचे गुणफलक द्यावेत, आणि किती खेळाडू रोजंदारीवरून सुटी काढून आले, त्यांचा खाडा आयोजकांनी भरून दिला की नाही, हे त्यांनाच विचारून छापावे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक
खेड, जि. रत्नागिरी